रूबीच्या ॲरेला ॲक्टिव्ह सपोर्टची जोड: संग्रह-मेथड्सचे परीक्षण

रूबी या प्रोग्रामिंग भाषेत कोणताही क्लास, म्हणजे वस्तूंचा साचा, कायमचा बंद होत नाही. भाषेबरोबर येणारा ॲरे (क्रमवार यादी) असो, हॅश (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांचा संग्रह) असो वा स्ट्रिंग (मजकूर), त्या क्लासचे नाव पुन्हा लिहून आत नवी मेथड, म्हणजे वस्तूला सांगता येणारे काम, टाकली की प्रोग्राममधल्या त्या जातीच्या प्रत्येक वस्तूला ती लागू होते, आधी तयार होऊन बसलेल्या वस्तूंनासुद्धा. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली आणि डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये तिच्यावर उभारलेली रेल्स ही वेब-चौकट सर्वांसाठी खुली केली. रेल्सबरोबर येणारी ॲक्टिव्ह सपोर्ट ही लायब्ररी या मोकळिकीचा जितका वापर करते तितका रूबीच्या जगात क्वचितच कोणी केला असेल. ती विनामूल्य आहे, एमआयटी परवान्याखाली मिळते आणि रेल्सशिवायही वापरता येते.

तिचा एकूण व्याप मोठा आहे. तारखा, कालपट्टे, कॅशे, सूचना-यंत्रणा, जेसन असे पुष्कळ काही तिच्यात आहे. प्रस्तुत परीक्षण मात्र ॲरे, हॅश आणि एन्युमरेबल (सर्व संग्रहांना सामाईक मेथड्स देणारे मॉड्यूल) या तीन ठिकाणी तिने जोडलेल्या सोयीच्या मेथड्सपुरते मर्यादित आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. वेब-ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने हा संच निःशंकपणे घ्यावा, इतरांनी वापरायची लायब्ररी लिहिणाऱ्याने तो शक्यतो टाळावा, आणि दोघांनीही हे ध्यानात ठेवावे की अशा मेथडचा कस तिच्या आतल्या कोडवरून फारसा लागत नाही, कारण बहुतेकींचा कोड जेमतेम दोन-चार ओळींचा असतो. कस लागतो तो तिने घेतलेल्या नावावरून. ते नाव वाचून मेथड काय करील हे अचूक कळते का, आणि तेच नाव उद्या खुद्द भाषेला हवेसे वाटेल का, हे दोन प्रश्न विचारत मी या संचातून फिरलो.

बसवणे सोपे आहे. रेल्सच्या ॲप्लिकेशनमध्ये सर्व काही आपोआप दाखल होते. रेल्सबाहेर वापरायचे असेल तर आधी मूळ ॲक्टिव्ह सपोर्ट रिक्वायर करावी आणि मग हवी तेवढीच फाइल घ्यावी. ॲरेचे गट पाडणाऱ्या मेथड्सची फाइल वेगळी, घटक काढणाऱ्या मेथड्सची वेगळी, अशी नीट विभागणी केलेली आहे. रेल्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेत प्रत्येक मेथडखाली ती कोणत्या फाइलमध्ये आहे हे लिहिलेले असते, आणि माझ्या मते या उत्पादनाच्या दस्तऐवजांतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. रेल्समध्ये 'बेअर' नावाची एक सेटिंग चालू करून हा सगळा संच नाकारताही येतो, पण चौकटीला स्वतःला लागणाऱ्या मेथड्स तरीही येतातच. त्यामुळे तिचा प्रत्यक्ष फायदा थोडा.

आता एकेका मेथडकडे वळू. सर्वांत साध्या आहेत त्या 'सेकंड', 'थर्ड', 'फोर्थ' आणि 'फिफ्थ'. रूबीत 'फर्स्ट' आणि 'लास्ट' मुळातच आहेत. ॲक्टिव्ह सपोर्टने त्यांची रांग पुढे वाढवली. 'सेकंड'चे सगळे अंतरंग म्हणजे क्रमांक १ वरचा घटक परत करणे, बस्स. मोजणी शून्यापासून होत असल्यामुळे चौकटी कंसात १ वाचताना नवशिक्याच्या मनात क्षणभर जो गोंधळ होतो तो या नावाने मिटतो. याच कुटुंबात 'फॉर्टी_टू' नावाचीही एक मेथड आहे आणि ती बेचाळिसावा, म्हणजे क्रमांक ४१ वरचा घटक देते. ही उघड थट्टा आहे आणि ती वर्षानुवर्षे जगभरच्या ॲप्लिकेशनांतल्या प्रत्येक ॲरेला चिकटून फिरत आहे. मला ती खटकत नाही. तिच्यापायी कोणाचे काही अडल्याचे ऐकिवात नाही.

खटकतात त्या तिच्या शेजारच्या 'फ्रॉम' आणि 'टू'. 'फ्रॉम(२)' म्हणजे क्रमांक २ पासून पुढचे सगळे आणि 'टू(२)' म्हणजे क्रमांक २ पर्यंतचे सगळे, तो धरून. म्हणजे 'टू(२)' तीन घटक देते, 'फर्स्ट(२)' मात्र दोनच, आणि एकाच ॲरेवर 'टू(२)' व 'फ्रॉम(२)' दोन्ही चालवून यादीचे दोन तुकडे करायला गेलात तर क्रमांक २ चा घटक दोन्ही तुकड्यांत सापडतो. दस्तऐवजात हे स्पष्ट आहे, पण ज्या मेथडसाठी दस्तऐवज उघडावा लागतो तिची सोय म्हणून काय मातब्बरी? रूबीची स्वतःची 'टेक' आणि 'ड्रॉप' ही जोडी असताना या दोघींची गरज मला कधी पडली नाही.

'इन_ग्रुप्स_ऑफ' हिची तपासणी जरा बारकाईने करण्यासारखी आहे. समजा हवेली, मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर असे पुणे जिल्ह्यातले सात तालुके एका ॲरेत आहेत आणि ते तीन-तीनच्या ओळींत मांडायचे आहेत. 'इन_ग्रुप्स_ऑफ(३)' म्हटले की पहिल्या दोन ओळी भरलेल्या येतात आणि तिसऱ्या ओळीत शिरूरनंतर दोन निल, म्हणजे 'काहीच नाही' दाखवणारी मूल्ये, येतात. न सांगता रिकाम्या जागा भरून देणे हे या मेथडचे मूळ वर्तन आहे. वेबपानावरची मांडणी एचटीएमएलच्या टेबलने करण्याचे दिवस होते तेव्हा ते सोयीचे होते, कारण ओळीत तीन चौकोन असतील तर तीनही काढावेच लागत. आज मांडणी सीएसएस सांभाळते, त्यामुळे ते दोन निल निव्वळ अडगळ ठरतात, आणि त्या ओळीतल्या प्रत्येक तालुक्याला त्याचे नाव विचारणारा कोड शेवटच्या ओळीवर येऊन कोसळतो. चाचणीसाठी घेतलेली यादी सहा किंवा नऊ घटकांची असेल तर हा दोष पकडलाही जात नाही, तीनने भाग न जाणारी खरी यादी आल्यावरच तो उघडा पडतो. दुसऱ्या जागी 'फॉल्स' दिले की भरणा बंद होतो हे खरे, पण मग उरते ते रूबीच्या स्वतःच्या 'ईच_स्लाइस'चेच काम. तिची बहीण 'इन_ग्रुप्स' मात्र खरोखर नवे काहीतरी देते: तिला ३ सांगितले की ती त्याच सात तालुक्यांचे तीन, दोन, दोन असे शक्य तितके समान तीन गट पाडते. तीही लहान गटांत निल भरतेच, म्हणून तिच्याबरोबरही 'फॉल्स' लिहिण्याची सवय ठेवावी. हे वाटप हाताने लिहायला बसले की भागाकार-बाकीत एखादी चूक हमखास होते, तेव्हा ही मेथड ठेवून घेण्याजोगी आहे.

संचातली सर्वांत चोख मेथड कोणती असे कोणी विचारले तर मी 'ॲरे.रॅप'कडे बोट दाखवीन. बाहेरून येणारी माहिती कधी एकच वस्तू असते, कधी वस्तूंची यादी, कधी काहीच नसते. पुढच्या कोडला मात्र नेहमी यादीच हवी असते. रूबीत यासाठी 'ॲरे()' हे रूपांतर आहे, पण त्याच्या हाती हॅश पडला की ते त्याचे तुकडे करते. तांदूळ हे नाव आणि ६० हा भाव असलेला एक हॅश त्याला दिला तर एका मालाची यादी मिळण्याऐवजी नावाची एक जोडी आणि भावाची दुसरी जोडी अशी दोन घटकांची यादी मिळते, आणि पुढचे गणित भलतीकडेच जाते. 'ॲरे.रॅप' तोच हॅश अखंड ठेवून एका घटकाचा ॲरे देते, निल आला तर रिकामा ॲरे देते आणि मुळातच ॲरे आला तर त्याला हात लावत नाही. शिवाय ती ॲरेच्या वस्तूंवर न लादता क्लासवर ठेवलेली आहे, त्यामुळे तिने कुणाचे नाव अडवलेले नाही.

'टू_सेंटेन्स' ही मराठी संकेतस्थळे करणाऱ्यांनी मुद्दाम तपासावी अशी मेथड. पुणे, सातारा, कोल्हापूर या तीन नावांच्या ॲरेवर ती तशीच चालवली तर «पुणे, सातारा, अँड कोल्हापूर» असे वाक्य हाती येते. त्यात इंग्रजी उभयान्वयी अव्यय तर आहेच, शिवाय त्याच्या आधीचा स्वल्पविरामही आहे आणि मराठीत तो बसत नाही. चांगली गोष्ट अशी की हे तिन्ही जोड बदलण्याची सोय विचारपूर्वक ठेवलेली आहे: शब्दांमधला जोड, दोनच शब्द असतील तेव्हाचा जोड आणि शेवटच्या शब्दाआधीचा जोड. भाषांतराच्या फाइलमध्ये शेवटच्या दोन्हींसाठी «आणि» एकदा भरून ठेवला, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून, की पुढे सर्वत्र «पुणे, सातारा आणि कोल्हापूर» असे नीट उमटते. केवळ मधला शब्द बदलून स्वल्पविराम तसाच ठेवलेली पाने मी पाहिली आहेत. मेथडचा त्यात दोष नाही. रिकाम्या यादीला रिकामी स्ट्रिंग आणि एका घटकाच्या यादीला तेवढाच घटक, ही टोकेही तिने सांभाळलेली आहेत. हाताने 'जॉइन' करणारा कोड नेमका तिथेच घसरतो.

'इंडेक्स_बाय' मात्र बेतानेच वापरावी. वस्तूंच्या यादीतून एखाद्या गुणाला किल्ली करून हॅश बनवणे हे तिचे काम, आणि ते ती एका ओळीत करते. अडचण अशी की एकच किल्ली दोन वस्तूंची निघाली तर नंतरची वस्तू आधीचीला पुसून टाकते, आणि तेही बिनबोभाट. टपाल कार्यालयांची यादी पिनकोडने लावायला गेलात की ही गोष्ट डोळ्यांसमोर येते: एका पिनकोडाखाली अनेक शाखा-कार्यालये असतात, हॅशमध्ये मात्र त्यांतले शेवटचे तेवढे उरते. तिथे रूबीची 'ग्रुप_बाय' हवी. किल्ली खरोखर एकमेव आहे याची हमी असेल, उदाहरणार्थ डेटाबेसमधला प्राथमिक क्रमांक, तिथे 'इंडेक्स_बाय'ला तोड नाही. दुसऱ्यांदा आलेल्या किल्लीवर तक्रार करणारा एखादा पर्याय तिला दिला असता तर मी तिला पूर्ण गुण दिले असते.

'प्लक'ची गोष्ट निराळी. ॲक्टिव्ह रेकॉर्ड या रेल्सच्या डेटाबेस हाताळणाऱ्या भागात हे नाव आधीपासून होते आणि तिथे ते डेटाबेसकडून एखादा स्तंभ तेवढा मागवून आणते. पुढे रेल्स ५.० मध्ये तेच नाव एन्युमरेबललाही मिळाले, आणि तिथे ते स्मृतीत असलेल्या हॅशांच्या यादीतून एक किल्ली वेचते. वाचणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच लागतो ही तिची जमेची बाजू, आणि तीच ओळ कधी डेटाबेसला प्रश्न पाठवते, कधी पाठवत नाही, ही उणे बाजू. वेगाच्या तक्रारी शोधताना नुसते नाव वाचून भागत नाही, डावीकडे कोणती वस्तू आहे हे पाहावे लागते.

छोट्या मेथड्सपैकी 'एक्सक्लूड?' निर्दोष आहे, 'इन्क्लूड?'च्या आधी लावलेले उद्गारचिन्ह डोळ्यांतून निसटते, हिचे नाव निसटत नाही. 'मेनी?' एकापेक्षा जास्त घटक आहेत का ते सांगते, पण तिची आणि रूबीच्या 'एनी?'ची व्याख्या जुळत नाही. दोन निल असलेला ॲरे घेतला तर 'एनी?' नाही म्हणते, कारण ती खरा ठरणारा घटक शोधते, आणि 'मेनी?' हो म्हणते, कारण ती नुसती डोकी मोजते. एकही नाही पण अनेक आहेत, असा हा निकाल. 'कॉम्पॅक्ट_ब्लँक' निल, रिकाम्या स्ट्रिंगा, नुसत्या मोकळ्या जागांच्या स्ट्रिंगा, रिकामे ॲरे आणि हॅश गाळते. फॉर्ममधून आलेली माहिती साफ करायला ती उत्तम. मात्र या घराण्याच्या व्याख्येनुसार 'फॉल्स'ही रिकामाच समजला जातो, तेव्हा हो-नाही अशा उत्तरांच्या यादीवर ती चालवली तर सगळी नकारार्थी उत्तरे गायब होतात. शून्य मात्र राहते.

या संचाची खरी परीक्षा ज्या मेथडवर झाली ती 'सम'. रूबीत बेरजेसाठी पूर्वी यादीतले घटक एकामागून एक जोडत जाणाऱ्या 'इन्जेक्ट'चा आधार घ्यावा लागे आणि नवख्याला ती ओळ वाचायला जड जाई. म्हणून ॲक्टिव्ह सपोर्टने एन्युमरेबलमध्ये 'सम' घातली. ती इतकी उपयोगी पडली की लोकांनी आकड्यांच्या पलीकडे स्ट्रिंगा जोडायला, ॲरेंचे ॲरे एकत्र करायलाही ती वापरली, आणि ते चालत असे, कारण ती पहिल्या घटकापासून सुरुवात करून अधिकचे चिन्ह लावत पुढे जाई. मग डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या रूबी २.४ ने स्वतःची 'सम' आणली, एन्युमरेबलमध्ये एक आणि ॲरेमध्ये खास वेगळी. भाषेची 'सम' शून्यापासून सुरुवात करते. शून्यात स्ट्रिंग मिळवता येत नाही, त्यामुळे दोन स्ट्रिंगांच्या ॲरेवर ती चूक दाखवून थांबते. ॲरेची स्वतःची मेथड असली की हाक एन्युमरेबलमधल्या मेथडपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ॲक्टिव्ह सपोर्टला आता थेट ॲरेच्या नव्या मेथडवर आपली मेथड बसवावी लागली, नाहीतर जगभरची चालती ॲप्लिकेशने नव्या रूबीवर येताच अडली असती.

म्हणजे जोडीला आलेली सोय आता भाषेचे वर्तन बदलू लागली, आणि माझ्या दृष्टीने सीमारेषा इथे ओलांडली गेली. भाषेच्या 'सम'मध्ये एक खरी कारागिरी आहे: दशांश अपूर्णांकांची बेरीज करताना ती काहान-बाबुष्का पद्धतीने बारीक चुका भरून काढते, त्यामुळे ०.१, ०.२ आणि ०.३ यांची बेरीज ०.६ येते, 'इन्जेक्ट'ने तीच बेरीज केली तर शेवटी एक सूक्ष्म शेपूट लटकते. ॲक्टिव्ह सपोर्टने हे बुडू दिले नाही. पहिला घटक संख्या असेल किंवा सुरुवातीचे मूल्य दिलेले असेल तर भाषेची मेथड, नाहीतर आपली जुनी, असा दुहेरी मार्ग तिने काढला. काम झाले, पण एकाच नावाच्या मागे दोन वर्तने आली आणि रेल्समध्ये चालणारी ओळ साध्या रूबीत का चालत नाही याचे उत्तर शोधणे शिकाऊ प्रोग्रामरच्या नशिबी आले. अखेर रेल्स ७.० ने संख्येखेरीज इतर गोष्टींवर सुरुवातीच्या मूल्याशिवाय 'सम' वापरणाऱ्यांना इशारा द्यायला सुरुवात केली आणि ७.१ ने ती जुनी सवलत काढून टाकली. दुरुस्ती सोपी आहे, स्ट्रिंगांसाठी रिकामी स्ट्रिंग आणि ॲरेंसाठी रिकामा ॲरे सुरुवातीला द्यायचा. पण मोठ्या कोडमध्ये अशा ओळी शोधणे कंटाळवाणे असते, कारण यादीत संख्या आहेत की स्ट्रिंगा हे ओळीकडे पाहून कळत नाही. माघार इशारा देऊन, टप्प्याटप्प्याने घेतली याचे श्रेय मात्र देखभाल करणाऱ्यांना द्यायला हवे. असे फुकटचे उत्पादन इतक्या जबाबदारीने सांभाळले जाणे दुर्मीळ आहे.

नाव सामान्य असूनही वर्तन जुळले की काय होते याचीही उदाहरणे या संचातच आहेत, आणि ती अधिक आहेत. हॅशमधल्या सगळ्या किमती बदलणारी 'ट्रान्सफॉर्म_व्हॅल्यूज' रूबी २.४ मध्ये भाषेत आली. 'स्लाइस', 'ट्रान्सफॉर्म_कीज' आणि ॲरेच्या 'अपेंड', 'प्रीपेंड' या २.५ मध्ये; काही किल्ल्या वगळणारी 'एक्सेप्ट' ३.० मध्ये. एकेका चिन्हावरून (सिम्बॉलवरून) ब्लॉक, म्हणजे मेथडला द्यायचा कोडचा तुकडा, बनवण्याची ती सुटसुटीत लिपी, जिच्याशिवाय आज रूबीचा कोड ओळखूच येणार नाही, तीही आधी ॲक्टिव्ह सपोर्टमध्ये होती. या सगळ्या जणी भाषेत दाखल झाल्या तेव्हा वापरणाऱ्यांना फारसे काही करावे लागले नाही; लायब्ररीने आपली प्रत काढून घेतली आणि कोड होता तसा चालत राहिला. या दृष्टीने ॲक्टिव्ह सपोर्ट हे रूबीचे एक मोठे चाचणी-मैदान आहे, आणि त्याची किंमत 'सम'सारख्या एखाद-दुसऱ्या प्रकरणात मोजावी लागली असेल तर सौदा वाईट नाही.

शेजारच्या जावास्क्रिप्टकडे पाहिले की हा सौदा किती बरा ते कळते. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने तिथल्या ॲरेच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्या ॲरेंच्या सामाईक नमुन्यावर, 'कंटेन्स' आणि 'फ्लॅटन' अशा मेथड्स टाकल्या होत्या. पुढे भाषेने 'कंटेन्स' आणायचे ठरवले तेव्हा जुनी संकेतस्थळे मोडू लागली आणि नाव बदलून 'इन्क्लूड्स' करावे लागले, ते २०१६ च्या मानकात आले. २०१८ मध्ये 'फ्लॅटन'च्या बाबतीत पुन्हा तेच घडले. नवे नाव 'स्मूश' ठेवावे अशी अर्धवट थट्टेची सूचनाही झाली आणि शेवटी 'फ्लॅट' ठरले. रूबीत ॲप्लिकेशनचा मालक आपली आवृत्ती स्वतः बदलतो, म्हणून इशारा देऊन माघार घेता येते. ब्राउझर मात्र वाचकाच्या यंत्रावर परस्पर नवा होतो आणि जुन्या पानांचे मालक कधीच निघून गेलेले असतात. त्यामुळे तिथे अंगभूत प्रोटोटाइपला हात न लावण्याचा नियम आता जवळपास सगळेच पाळतात, आणि तो योग्यच आहे.

मग पर्याय काय? कोटलिन आणि सी शार्प या भाषांत बाहेरून जोडलेली मेथड प्रत्यक्ष क्लासमध्ये जातच नाही. कोणती मेथड बोलवायची हे कोड तयार होतानाच ठरते आणि जिने ती आयात केली त्या फाइलपुरतीच ती दिसते. सी शार्पने २००७ मध्ये लिंक (LINQ) ही संग्रहांतून माहिती निवडणारी सगळी यंत्रणा याच पायावर उभी केली. रूबीतही अशी मर्यादित जोड देणारे 'रिफाइनमेंट' २.० मध्ये प्रायोगिक स्वरूपात आले आणि २.१ मध्ये पक्के झाले. ते स्वच्छ आहे, पण प्रत्येक फाइलच्या डोक्यावर 'युजिंग' लिहावे लागते, आणि रोजच्या वापरातल्या सोयीसाठी इतका शिष्टाचार पाळायला कोणी तयार होत नाही. ॲरेपासून आपला उपक्लास काढणे हा पुस्तकी मार्ग दिसायला नीटस असला तरी रूबी ३.० पासून 'टेक', 'ड्रॉप', 'युनिक', 'फ्लॅटन' अशा मेथड्स उपक्लासवर बोलावल्या तरी साधा ॲरेच परत देतात. म्हणजे पहिल्याच पायरीनंतर आपली जोडलेली मेथड हातातून गेलेली असते.

ॲप्लिकेशनमध्ये स्वतःची एखादी मेथड ॲरेला जोडायची झाली तर या संचाची रचना नमुना म्हणून वापरण्यासारखी आहे: एका विषयाला एक फाइल, सगळ्या फाइली एकाच ठरलेल्या फोल्डरमध्ये, आणि नाव असे की वाचणाऱ्याला ते भाषेचे वाटणार नाही. मेथड स्वतंत्र मॉड्यूलमध्ये लिहून मग ते मॉड्यूल ॲरेत समाविष्ट केले तर ॲरेच्या पूर्वजांच्या यादीत त्याचे नाव दिसते आणि शोधणाऱ्याचे काम हलके होते. शिवाय उद्या भाषेने त्याच नावाची मेथड ॲरेत आणली तर भाषेचीच चालते, आपली आपोआप मागे राहते. एखादी अनोळखी मेथड कुठून आली हे पाहायचे असेल तर 'मेथड' आणि 'सोर्स_लोकेशन' हे दोन शब्द पुरतात. फाइल आणि ओळ दोन्ही समोर येतात. रूबीला देवनागरी नावे चालतात, त्यामुळे ॲरेला 'दुसरा' नावाची मेथडही देता येते, आणि भाषा भविष्यात ते नाव मागेल अशी शक्यता तर मुळीच नाही. वर्गात शिकवायला हे मजेचे आहे. पगारी कामात सहकाऱ्यांच्या कीबोर्डांचा विचार करावा.

जेम, म्हणजे इतरांनी वापरायची रूबी लायब्ररी, लिहिणाऱ्यांसाठी माझा सल्ला कडक आहे. आपल्या जेमने ॲरेत मेथड घातली की ती जेम वापरणाऱ्या प्रत्येकाच्या सगळ्या ॲरेंमध्ये जाते. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीत न विचारता खिळे ठोकावेत तसे ते आहे. केवळ 'ॲरे.रॅप' किंवा रिकामेपणा तपासणाऱ्या 'ब्लँक?'साठी ॲक्टिव्ह सपोर्टवर अवलंबून राहिले तर तिच्यामागून आय-एटीन-एन, टीझेडइन्फो, कॉन्करंट-रूबी हा इतर जेमांचा परिवारही येतो, आणि रेल्सच्या कोणत्या आवृत्त्या चालतील याची चौकट वापरणाऱ्यावर नकळत लादली जाते. त्यापेक्षा तेवढ्या तीन ओळी आपल्याच मॉड्यूलमध्ये खासगी मेथड म्हणून लिहाव्यात आणि ॲरे तिला पॅरामीटर म्हणून द्यावा. फॅसेट्स नावाची जेमही अशाच विस्तारांचा मोठा साठा देते आणि तिच्यात ॲक्टिव्ह सपोर्टपेक्षा कितीतरी अधिक मेथड्स आहेत. पण त्यांतल्या बऱ्याच जणींची नावे नव्या सहकाऱ्याला ऐकूनही माहीत नसतात. ॲक्टिव्ह सपोर्टच्या 'इंडेक्स_बाय', 'प्लक' या मेथड्स रेल्सवाल्यांच्या तोंडी बसल्या आहेत, इतक्या की रुबोकॉप या कोड तपासणाऱ्या साधनाच्या रेल्स-विस्तारात हाताने लिहिलेली लांबलचक ओळ पकडून त्यांचे नाव सुचवणारे नियमच आहेत. ते नियम चालू ठेवावेत. 'इंडेक्स_बाय' सुचवणाऱ्या नियमापाशी मात्र प्रत्येक वेळी थांबून किल्ली एकमेव आहे ना, हे स्वतः पाहावे, कारण ते रुबोकॉपला कळत नाही.